दुधी गुलाबी रंगाचा खरा फोटो

कॅमेरा विकत घ्यायचा असेल, तर दुकानात तो हातात धरून पाहण्यापेक्षा चार दिवस पाठीवर वाहून पाहावा, या मतावर मी आता ठाम आहे. पदार्थविज्ञानात पदव्युत्तर शिक्षण घेतल्यानंतर गेली काही वर्षे मी पुण्यातील एका प्रयोगशाळेत मापनयंत्रांची अचूकता तपासते. त्यामुळे छंदाची वस्तू घेतानाही चाचणीवाचून निर्णय घेणे मला जमत नाही. आमच्या विभागातील एक ज्येष्ठ सहकारी आपला कॅमेरा, त्याची दोन जड भिंगे आणि तिपाई असा सारा संच काढून टाकणार होते. ‘‘आधी वापरून पाहा, सोमवारी सांग,’’ असे म्हणून त्यांनी तो माझ्या हवाली केला. प्रश्न सरळ होता. हौसेखातर फोटो काढणाऱ्या माझ्यासारखीने हा संच घ्यावा, की खिशातल्या मोबाइलवरच भागवावे?

चाचणीसाठी मी जानेवारीतले पेण आणि रोहा निवडले. धूळ, पाणी, मिठागरांची चकाकी, कारखान्यांतला अंधार आणि हिरवी शेते हे सारे तिथे तासाभराच्या अंतरात मिळते. शिवाय पेणला आईची मैत्रीण आणि रोह्याला माझी महाविद्यालयातली मैत्रीण, अशी दोन्हीकडे जेवणाची हक्काची सोय होती. प्रयोग आखताना हा घटक दुर्लक्षून चालत नाही. चार रकान्यांची एक वही बरोबर घेतली आणि गुरुवारी निघाले. मात्र हमरापूरच्या एका बाईंची पहिली स्वतंत्र ऑर्डर माझ्या फोटोवर अडकून बसेल, यासाठी वहीत कोणताही रकाना नव्हता.

पेण, गुरुवार

आईची मैत्रीण निर्मलाकाकू पोह्यांचे पापड करतात. मी पोहोचले तेव्हा अंगणात बाजा टाकून त्यांवर पापड वाळत घातलेले होते आणि चार बायका पोळपाटांवर पुढचे लाटत होत्या. तिरप्या उन्हात पापडांच्या कडा कागदासारख्या उजळल्या होत्या. मी पिशवी उघडली, भिंग काढले, दुसरे लावले, झाकण कुठे ठेवले ते शोधले, आणि एवढ्यात कॅमेऱ्याच्या उघड्या तोंडावर पिठाची एक बारीक लाट येऊन बसली. वहीत पहिली नोंद झाली : भिंग बदलण्यास पावणेदोन मिनिटे, परिणाम, फोटोत तीन ठिपके.

मग जवळून टिपण्यासाठी मी बाजेवर वाकले.

‘‘ए गो, बाजूला हो!’’ लाटणे उगारून एक बाई म्हणाली. ‘‘तुझी सावली पडतंय पापडावर. तुझा फोटो व्हायचा नि माझा पापड दमट रहायचा.’’

‘‘अगो, पुण्याची हाय ती,’’ दुसरी म्हणाली. ‘‘तिथं पापड पिशवीतच उगवतात.’’

मी बाजूला झाले आणि मोबाइल हात लांब करून धरला. सावली पडली नाही, फोटो आला. काकूंनी न विचारता एक भाजलेला पापड माझ्या हातात दिला. आमच्याकडे पाहुण्याला आधी ‘घेणार का?’ असे विचारतात आणि पाहुणा आधी ‘नको’ म्हणतो. इथे तो सारा व्यवहार वगळलेला आहे, आणि वेळेची बचत लक्षात घेता ही पद्धत मला सरस वाटली.

दुपारी खाडीकडच्या मिठागरांवर गेले. बांधांच्या चौकोनांत नुकतेच पाणी घेतले होते आणि त्यात लांब तांबड्या पायांचे शेकाट्या पक्षी अगदी काटेकोर पावले टाकत होते. इथे मात्र लांब पल्ल्याच्या भिंगाने आपली किंमत सिद्ध केली. मोबाइलमध्ये जो पांढरा ठिपका होता, तो कॅमेऱ्यात डोळ्यासकट पक्षी होता. परंतु बांधावरून परतताना पाठीवरच्या वजनाने माझा तोल गेला आणि एक पाय गुडघ्यापर्यंत चिखलात गेला. कॅमेरा वाचला, बूट वाचला नाही. संध्याकाळी काकूंनी तो बूट धुऊन पापडांच्या रिकाम्या बाजेवर उलटा ठेवला आणि गंभीरपणे म्हणाल्या, ‘‘हा मात्र चांगला वाळंल.’’

हमरापूर, शुक्रवार

काकूंची भाची सुनंदाताई हमरापूरला गणपतीच्या मूर्ती रंगवते. गावात शिरल्यापासूनच प्रत्येक ओटीवर, पडवीत, ताडपत्रीच्या मांडवात मूर्ती दिसू लागतात. कुठे नुसत्या ओल्या, कुठे पांढरा हात दिलेल्या, कुठे पितांबर नेसून मुकुटाची वाट पाहणाऱ्या. माघी गणपती जवळ आल्यामुळे घाई होती. त्याखेरीज भाद्रपदाच्या ऑर्डरी पक्क्या होण्याचेही हेच दिवस.

सुनंदाताई चाळिशीच्या आतबाहेर. वीस वर्षे तिने गावातल्या एका मोठ्या कारखान्यात रोजावर आखणी केली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे रेखणे. सर्वांत शेवटचे आणि सर्वांत अवघड काम. नवरा डोलवीला कंपनीत कंत्राटावर, शिफ्टमध्ये. यंदा मोठा कारखाना सोडून तिने घरच्या मांडवात स्वतःच्या मूर्ती घडवायला घेतल्या होत्या. सारे काही नागपूरच्या एका व्यापाऱ्यावर अवलंबून होते. भाद्रपदासाठी त्याला शाडूच्या दीडशे मूर्ती हव्या होत्या, पण अंगाचा रंग नेहमीचा पिवळसर नको, दुधी गुलाबी हवा. तसा रंग सुनंदाताईने तयार केला होता. फोटो पसंत पडला तर ऑर्डर तिची.

‘‘आणि नाही पडला तर?’’ मी विचारले.

‘‘तर सोमवारी परत कारखान्यात,’’ ती म्हणाली. ‘‘मालकानी तेवढाच टाइम दिलाय. बोलले, सोमवारी आलीस तर तुझी जागा तुझी. नाय आलीस तर दुसरी बाई बघतो.’’

तिच्या मोबाइलच्या भिंगावर भेग होती. मी साहजिकच पुढे सरसावले. इतका चांगला कॅमेरा, इतके चांगले कारण!

मूर्ती खरोखर सुंदर होती. सायीत गुलाबपाणी मिसळावे तसा अंगाचा रंग, मोरपंखी शेला, आणि डोळे असे की आपण नुकतेच काही चुकीचे बोललो आहोत आणि त्यांनी ते मनावर घेतलेले नाही. तिच्या शेजारी त्याच साच्यातली, नुसता पांढरा हात दिलेली एक कच्ची मूर्ती ठेवलेली होती. ती चौकटीत फारच खटकत होती. ‘‘ही जरा बाजूला करू या का?’’ मी म्हणाले.

कोपऱ्यात रंग घोटत बसलेल्या सुनंदाताईच्या सासूबाईंनी मान वर केली. ‘‘ती तिथंच असते.’’

‘‘फोटोपुरतीच, आजी.’’

‘‘व्हय. तुझं यंत्र, तुला म्हाईत,’’ म्हणून त्या पुन्हा घोटू लागल्या. मी कच्ची मूर्ती उचलून मांडवाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली, मागची पार्श्वभूमी धूसर केली आणि वीसेक फोटो काढले. माझ्या आयुष्यातील ते सर्वोत्तम फोटो होते. कॅमेऱ्यातून मोबाइलवर ते उतरवायला अर्धा तास गेला (नोंद केली). सर्वांत चांगले तीन नागपूरला पाठवले आणि मी मिळेल त्या गाडीने रोह्याकडे निघाले.

रोहा, शनिवार

माझी मैत्रीण शबाना हिचे घर रोह्याजवळच्या एका गावात आहे. घरची भातशेती, आणि भातानंतर त्याच जमिनीत वाल. दोन्ही भाऊ कुवेतला. सकाळी कुंडलिकेच्या काठाने हिंडलो. धुके विरताना पाण्यावर जो करडा-रुपेरी थर येतो तो कॅमेऱ्याने टिपला, मोबाइलने मात्र तो धुऊन पुसून स्वच्छ करून टाकला. मोबाइलला धुके हा दोष वाटतो, ही त्याची मोठीच मर्यादा आहे.

दुपार कलल्यावर शेतात पोपटी लागली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मसाला लावलेली कोंबडी, अंडी, बटाटे, पुन्हा पाला. मग मडके उपडे घालून भोवती पेंढा पेटवायचा. मी तिपाई उभी करून जाळाचे फोटो घेण्याच्या तयारीत होते, एवढ्यात कुवेतहून शबानाच्या धाकट्या भावाचा व्हिडिओ कॉल आला.

‘‘अम्मी, जाळ दाखव! पाला कुठला घातलाय? जरा जवळ घे!’’

‘‘आता काय मडक्यात घुसू?’’ अम्मी म्हणाल्या, पण मोबाइल घेऊन जाळाच्या इतक्या जवळ गेल्या की शबानाने त्यांना ओढणीला धरून मागे ओढले. मडके झाले का ते पाहण्यासाठी त्यांनी त्यावर पाण्याचा हात झटकला; चर्र आवाज झाला. ‘‘आवाज आला?’’ त्यांनी मोबाइलला विचारले. तिकडून उत्तर आले, ‘‘आला गो अम्मी. वास तेवढा नाय आला.’’

मी तिपाई मिटली. माझ्या साऱ्या भिंगांना हे एक काम करता आले नसते. शेंगा गरम असतानाच सोलून खायच्या असतात. मी फोटो काढत राहिले तेव्हा अम्मींनी माझ्या हातातला कॅमेरा शांतपणे काढून शबानाकडे दिला आणि पानावर कोंबडीचा तुकडा ठेवला. आमच्याकडच्या हुरड्याशी तुलना करण्याचा मोह झाला. परंतु हुरड्यात पाल्याचा तो कडवट धुरी वास नसतो, आणि कोंबडीही नसते. निकाल रोह्याच्या बाजूने लागला.

हात धुते तोच सुनंदाताईचा फोन आला. आवाज अगदी सपाट होता.

‘‘म्याडम, नागपूरचे भाऊ नाय म्हणतात. पिवळी दिसते बोलतात. उद्या दुपारपर्यंत ते दुसऱ्याला सांगणार.’’

मी माझ्या मोबाइलवर फोटो उघडले. दुधी गुलाबी. शबानाच्या मोबाइलवर पाहिले. दुधी गुलाबी. मग मी व्यापाऱ्यांनाच फोन लावला. भाऊ मोठे सज्जन निघाले. ‘‘फोटो एक नंबर आहे जी,’’ ते म्हणाले, ‘‘पण रंग पिवळा दिसून राह्यला, त्याले मी काय करू?’’ त्यांचाच मोबाइल तर चुकत नसेल, हेही मी विचारून पाहिले. ‘‘बाकी साऱ्यांचे फोटो याच फोनवर पाहतो मी. शेंदरी, केशरी, सगळं बरोबर दिसते.’’

लवकरच माझ्याकडे एक उपपत्ती तयार होती. सुनंदाताईचा मांडव निळ्या ताडपत्रीचा आहे. निळा प्रकाश पाहून कॅमेरा तो भरून काढण्यासाठी पिवळेपणा वाढवतो. तो माझ्या डोळ्यांना जाणवला नसेल, पण व्यापाऱ्याच्या सरावलेल्या नजरेने पकडला असेल. वहीत याचे अर्धे पान विवेचन केले, आकृतीसह. आजही वाचताना ते अत्यंत पटण्याजोगे वाटते. चूक माझी आहे, असे मानून मी रविवारचा गड चढण्याचा बेत रद्द केला. अम्मींनी डब्यात उरलेल्या शेंगा भरून दिल्या.

पुन्हा हमरापूर, रविवार

सकाळी नऊलाच मी मांडवात हजर होते. ‘‘मूर्ती बाहेर काढू या. मोकळ्या आकाशाखाली, सावलीत.’’ सुनंदाताई आणि तिचा नुकताच रात्रपाळीहून आलेला नवरा यांनी पाट दोन्ही बाजूंनी धरून मूर्ती आंब्याखाली आणली. मी तिपाई लावली, करड्या रंगाचे प्रमाणित कार्ड धरून कॅमेऱ्याचा रंगतोल हाताने ठरवला, फोटो घेतले. तसेच मोबाइलनेही घेतले. शेजारपाजारचे बघायला जमले. एक म्हातारे म्हणाले, ‘‘गणपतीचा एक्स-रे चाललाय काय?’’

दहा वाजता फोटो गेले. सव्वादहाला उत्तर आले : ‘ताई, पिवळाच.’

सुनंदाताईने ते वाचले, मोबाइल पाटावर उपडा ठेवला आणि ब्रश धुवायला घेतले. एकेक ब्रश धुऊन ती कापडात गुंडाळू लागली. कारखान्यात न्यायची बोचकी बांधतात तशी. माझ्या वहीतले अर्धे पान त्या क्षणी मला फार लांबलचक वाटले.

‘‘मी शुक्रवारीच बोलले व्हते,’’ सासूबाई मांडवातून म्हणाल्या. कच्ची पांढरी मूर्ती त्यांनी कडेवर मूल घ्यावे तशी घेतली होती. ती आणून त्यांनी रंगवलेल्या मूर्तीशेजारी ठेवली. ‘‘आता काढ.’’

‘‘आजी, पण त्यांना रंगवलेली बघायचीये.’’

‘‘आमच्या घरात रंग बघायचा तो पांढरीशेजारी. माझी सासू तशीच बघायची. पहाटं बघा, दिव्यात बघा, पांढरीला काय झालंय ते आधी बघायचं. पांढरी निळी दिसली तर उजेड निळा. मग रंगाला बोल लावायचा नाय.’’ त्या माझ्याकडे वळल्या. ‘‘तू तिला उचलून नेलीस नि उजेडाची साक्षच काढून टाकलीस गो.’’

प्रयोगशाळेत मी दररोज हेच करते. अज्ञात वस्तू मोजताना ज्ञात वस्तू शेजारी ठेवते. माझे कार्ड मी कॅमेऱ्याला दाखवले होते. नागपूरच्या माणसाला दाखवले नव्हते. आणि हे साधे तत्त्व मी चौकट देखणी दिसावी म्हणून मांडवाच्या टोकाला नेऊन ठेवले होते!

या वेळी कॅमेरा काढलाच नाही. मोबाइल हातात होता. दोन्ही मूर्ती मावतील असा एक फोटो घेतला आणि लगेच पाठवला. त्याखाली सुनंदाताईने फक्त एवढेच बोलून पाठवले : ‘‘भाऊ, बाजूची पांढरी हाय. ती कशी दिसते ते सांगा.’’

फोटो पोहोचला, पण तिकडून कोणी पाहीना. भाऊ देवळात गेले होते म्हणे. बाराचा सुमार झाला. वाट पाहण्याचा तो दीड तास वाया जाऊ नये म्हणून मी आंब्याखाली वही उघडली आणि माझा स्वतःचा प्रश्न निकालात काढला. जड संच मी घेणार नाही. तो चार दिवसांत जितका वेळ पिशवीबाहेर होता, त्याहून अधिक वेळ मी त्याची काळजी वाहिली. पक्ष्यांसाठी लांब भिंग खरोखर उपयोगी. पण वर्षातून चार वेळा पक्षी पाहणारीने ते भाड्याने आणावे. मोबाइल पाठवण्यास, दाखवण्यास आणि सावली न पाडता टिपण्यास उत्तम. तथापि तो धुके पुसतो, आणि मूर्तीच्या डोळ्यांची रेघ मोठी करून पाहिली तर ती गरजेपेक्षा धारदार करून ठेवतो. सुनंदाताईच्या हाताचा मऊपणा त्यात उरत नाही. म्हणून मोबाइलच्या जोडीला एक लहान, वापरलेला कॅमेरा आणि त्याला कायमचे एकच भिंग, असा माझा निर्णय झाला. पिठातही उघडावा लागणार नाही असा.

सुनंदाताईला मी शेंगांचा डबा दिला. तिने एक सोलली, खाल्ली नाही, हातातच ठेवली.

फोन वाजला. तिने स्पीकर लावला.

‘‘अहो ताई,’’ भाऊ म्हणत होते, ‘‘हे पांढरी म्हणता ती पांढरी आहे का?’’

‘‘व्हय. पांढरी. अजून रंगच नाय दिला.’’

‘‘मले तर हळद लावल्यासारखी दिसून राह्यली!’’

 मग पलीकडे आवाज झाले, कोणीतरी बाई बोलली, आणि भाऊ ओरडले, ‘‘काय केलं होतं तू याले?’’ पुन्हा आवाज. मग ते आमच्याशी बोलू लागले, थोडे ओशाळून. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून सुनेने फोनच्या पडद्याला पिवळसर छटा लावून दिली होती, आणि ती आजतागायत चालूच होती. शेंदरी आणि केशरी मूर्तींचे त्या छटेने काहीच बिघडले नव्हते. एका दुधी गुलाबीचाच त्या पिवळेपणाने घात केला होता.

‘‘थांबा, आता काढून टाकली तिनं. बघतो.’’

आम्ही थांबलो. सासूबाईसुद्धा घोटायच्या थांबल्या.

‘‘अरे बाप्पा,’’ भाऊ म्हणाले. ‘‘ताई, हाच रंग. याच्यात काही बदलू नका. दीडशेच्या दीडशे अशाच पाहिजेत.’’

फोन बंद झाल्यावर सुनंदाताईने शेंग तोंडात टाकली आणि दोनदा डोळे पुसले. नवरा झोपेचा विचार सोडून पाटाशी उकिडवा बसून मूर्तीकडेच बघत राहिला होता. मग तिने गुंडाळलेले ब्रश सोडले, एकेक करून डब्यात उभे केले, आणि कारखान्याच्या मालकांना फोन लावला. या वेळी स्पीकर नव्हता, त्यामुळे आम्हाला एकच बाजू ऐकू आली.

‘‘मालक, सुनंदा बोलते. उद्यापासून येत नाय मी... नाय, राग कसला... व्हय, मिळाली. दीडशे... हो, शाडूच्याच.’’ ती बराच वेळ ऐकत राहिली, आणि शुक्रवारपासून प्रथमच मोकळेपणी हसली. ‘‘आता माझ्या जागी दुसरी बाई बघणार होतात न तुम्ही? ती बघितली असंल, तर आधी माझ्याकडं पाठवा. मला आखणीला हात कमी पडतायत.’’